खालच्यांच्या दोरीवर माझं पाणी

मुलाच्या घरी कायमची राहायला आले तेव्हा पुण्याहून मी चार बॅगा, एक पोळपाट आणि माझी मतं आणली होती. बॅगा माळ्यावर गेल्या, पोळपाट ओट्याखाली गेला, आणि मतांना बंगळुरातल्या जे. पी. नगरच्या त्या फ्लॅटमध्ये कुठेच जागा नव्हती. पडदे कुठले, भाजी कुठून, कपडे कधी धुवायचे, सगळं आधीच ठरलेलं. सून गुणी आहे, आणि हे मी तक्रार म्हणून सांगते आहे. ती भांडतच नाही. काहीही सुचवलं की गोड हसून म्हणते, "आई, तुम्ही रिलॅक्स करा." मी जन्मभर एका सरकारी कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे बसले. माणसं घरून तयारी करून माझ्याशी भांडायला येत. अशा बाईला रिलॅक्स करायला सांगणं म्हणजे मासा पुसून कोरडा करून ठेवण्यासारखंच.

उरली होती ती स्वयंपाकघरामागची बाल्कनी. बंगळुरात तिला युटिलिटी म्हणतात, कारण तिथे माणसाने उभं राहावं अशी कोणाचीच अपेक्षा नसते. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला बंद पडलेल्या व्यायामाच्या सायकलचा सांगाडा, आणि मध्ये एक माणूस मावेल, तेही त्याने जेवण बेताचं केलं असेल तर. पण दुपारी तिथे ऊन यायचं, आणि मुख्य म्हणजे तिच्याबद्दल कोणी काही ठरवलेलं नव्हतं. मी ठरवलं. इथे लागवड करायची.

कुंड्या विकत आणायचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. मराठी घरात श्रीखंडाचे रिकामे डबे असताना कुंडी विकत आणणं म्हणजे विहिरीकाठी बसून बाटलीतलं पाणी पिणं. सूनबाईंनी ते डबे फेकून दिले नव्हते. रक्तातच आहे ते, अमेरिकेला गेली तरी डबे ठेवील. मी गॅसवर खिळा तापवला आणि डब्यांच्या बुडाला भोकं पाडली. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. मुलगा मीटिंगमधून कानातला हेडफोन काढून बाहेर आला आणि वायरिंग जळतंय का ते बघून गेला. श्रीखंडाच्या डब्यांत मेथी आणि कोथिंबीर, रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या, जुन्या कुकरमध्ये पुदिना. जुन्या चपलांच्या रॅकवर तीन मजले चढले, कठड्याला तारेने आणखी काही डबे टांगले, आणि जमिनीवर पाय ठेवायला मी स्वतःपुरती एक फरशी राखून ठेवली.

मुलाला कौतुक वाटलं. त्याचं कौतुक म्हणजे ऑर्डर. दोन दिवसांत एक पांढरीशुभ्र स्मार्ट कुंडी घरपोच आली. तिच्यात मी तुळस लावली. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. ती कुंडी स्वतःच माती तपासायची आणि झाडाला तहान लागली की मुलाच्या फोनवर निरोप पाठवायची. मुलगा ऑफिसात, फोन त्याच्या खिशात, झाड घरी आणि पाणी माझ्या हातात. मग तो तिकडून मला फोन करायचा, "आई, तुळशीला पाणी हवंय." मी कुंडीपासून हातभर अंतरावर उभी असायचे. तंत्रज्ञानाने माणसं जवळ येतात म्हणतात, ते असं.

पाणी हा बंगळुरात हळवा विषय आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघण्यात सगळी इमारत एक होते. त्यामुळे नळाचं पाणी झाडांना घालायची माझी टाप नव्हती. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी, तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, ताकाचं आणि भाताचं भांडं विसळलेलं, असं सगळं मी बादलीत साठवायचे आणि सकाळी दहाला सगळ्यांना सढळ हाताने पाजायचे. झाडं खूश होती. भोकं मी उदारपणे पाडली होती, त्यामुळे पाणी साचत नव्हतं. ते कुठे जातं हा प्रश्न मला पडला नाही, कारण ते जायचं खाली, आणि खाली मी राहत नव्हते.

खाली राहायच्या त्या एके दिवशी दार वाजवून उभ्या राहिल्या. माझ्याच वयाच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात ओलं पांढरं धोतर. धोतरावर मातीचे ओघळ होते आणि मधोमध एक शीत.

"अक्का," त्या म्हणाल्या, "हे आमच्या यजमानांचं धोतर. ह्यावर तुमचा भात का आला, ते सांगा की."

मला इतका आनंद झाला की अपराधी वाटायचंही राहून गेलं. बाई मराठीत बोलत होत्या! त्यांच्या घराण्याचं चिकपेटमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचं कापडाचं दुकान. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड अशी मिसळलेली, जसं भातात सांबार. "स्वल्प खाली बघत जावा की," "उद्यापासून असं नको, सरी?" असं त्यांचं चालायचं; सरी म्हणजे बरं. मी पुण्याची, त्यामुळे शुद्धलेखनाची लाल पेन्सिल माझ्या मनात कायम टोक करून तयार असते. पण त्या दिवशी मी ती बाजूला ठेवली. मुलाकडे आल्यापासून माझ्याशी मराठीत भांडायला पहिल्यांदाच कोणीतरी आलं होतं. मी मनापासून भांडले. कपडे कठड्याच्या बाहेर दोरीवर कशाला वाळत घालता, इथपासून सुरुवात केली. त्याही मागे हटल्या नाहीत. शेवटी दोघींना दम लागला, आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, "चहा घेता का?" त्या नको म्हणाल्या. मग रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून मी बाल्कनीतल्या चार मिरच्या स्टीलच्या लहान डब्यात घालून दिल्या.

आता याला चूक म्हणायची तर चूक तीच. दुसऱ्या कोणाकडे डबा गेला असता तर तो धुऊन परत आला असता आणि प्रकरण मिटलं असतं. पण बाई मराठी घरातल्या. रिकामा डबा परत करायचा नाही, हे त्यांनाही आईच्या दुधाबरोबरच मिळालेलं. दुसऱ्या दिवशी डबा आला, त्यात चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात. म्हणजे आता डबा माझ्याकडे, आणि तो रिकामा. मी कोथिंबीर पाठवली. डबा परत आला तो गोड चिरोटे घेऊन. मी कुकरमधला पुदिना वाटून चटणी पाठवली. उत्तर म्हणून खीर आली. आमची बाल्कनी पिकवायची आणि खालचा मजला खायचा. माझ्या सुनेने स्वतःच्या घरातली मेथी बघितली ती फक्त जिन्यातून खाली जाताना.

आणि तक्रार? ती वेगळ्या खात्यात. ज्या दुपारी खीर वर यायची, त्याच दुपारी इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओल्या धोतराचा फोटो पडायचा. मी खीर खात खात तो फोटो मोठा करून बघायचे. खीर उत्तम असायची. फोटोही स्पष्ट असायचा.

एकदा तर अशी वेळ आली की बाल्कनीत देण्याजोगं पानही उरलं नव्हतं आणि डबा ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होता. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मेथीची जुडी आणली, निवडली, डब्यात भरली आणि बाल्कनीतली म्हणून खाली पाठवली. संध्याकाळी जिन्यात बाई भेटल्या. "अक्का, तुमच्या मेथीला केळीचा दोरा पण लागतो काय?" जुडी बांधायच्या दोऱ्याचा तुकडा पानांत राहिला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी म्हटलं, "नवीन जात आहे." त्या हसल्या नाहीत, पण "सरी" म्हणाल्या.

असं आमचं बरं चाललं होतं. मी पाणी कमी घालून बघितलं, वेळ बदलून बघितली. पण खालून कपड्यांच्या वेळा कळवल्या जात नव्हत्या आणि वरून विचारलं जात नव्हतं, कारण दोघींनाही नमतं घेणं माहीत नव्हतं. शेवटी असोसिएशनने मनावर घेतलं. ग्रुपवर सूचना आली की रविवारच्या बैठकीत बाल्कनीतल्या कुंड्यांवर बंदीचा ठराव येणार आहे.

मी वरवर चेष्टाच केली. पण त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. त्या घरात मी हात लावला आणि मी ठेवलं तसंच राहिलं, असं ते एकच ठिकाण होतं. सकाळी उठून कुठे जायचं हे मला ठाऊक होतं ते त्या एका फरशीमुळे. ती गेली असती तर मी सोफ्यावर बसून रिलॅक्स केलं असतं, मरेपर्यंत.

रविवारी मुलगा म्हणाला, "तू कशाला येतेस? मी बघतो." मी गेले. तळघरातल्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरी तरुण होता, चाकोरीतला, त्याने खांबावर पडदा लावून चित्रं दाखवली: ओल खाल्लेलं छत, डास, आणि माझे श्रीखंडाचे डबे, खालून काढलेले. आम्रखंड आणि केशर अशी नावं पडद्यावर वाचता येत होती. मग त्याने आमच्या फ्लॅटचा नंबर घेऊन विचारलं, या कुंड्यांबद्दल काय म्हणणं आहे.

मी उभी राहत होते. त्याआधीच मुलगा उठला. आपल्या ऑफिसातल्या, सगळं सुरळीत करणाऱ्या आवाजात म्हणाला, "नो इश्यू. ॲक्चुअली दोज आर माय मदर्स. शी इज जस्ट व्हिजिटिंग. संध्याकाळपर्यंत काढून टाकतो."

मी पुन्हा बसले. पुण्याचं घर भाड्याने देऊन, गॅसचं कनेक्शन परत करून, शेजारणीला झाडं वाटून मी आले होते, त्याला तीन वर्षं झाली होती. आणि मी व्हिजिटिंग. त्याने काही वाईट मनाने म्हटलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर जास्त लागलं.

मागच्या रांगेतून खालच्या बाई उठल्या. आता घाव घालणार, मला वाटलं, आणि खरं सांगते, घातला असता तरी चाललं असतं.

"व्हिजिटिंग कोण?" त्यांनी थेट माझ्या मुलाला मराठीत विचारलं. मग सेक्रेटरीकडे वळून कन्नडमध्ये म्हणाल्या, "अवरु इल्ले इरोदु." त्या इथेच राहतात. आणि पुन्हा मुलाकडे, "तक्रार मी केली. ती ह्यांच्यावर केली, तुमच्यावर नाही. तुम्ही मधी कशाला काढून टाकता? कुंड्या ह्यांच्या. काढायच्या की ठेवायच्या ते ह्या सांगतील. आमचं भांडण आम्ही बघून घेऊ."

सभेत कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही, डोळे भरून आले. माझ्या नावाने इतके दिवस फोटो टाकणारी बाई, आणि या इमारतीत मी राहते हे तिलाच पक्कं माहीत होतं.

मी उभी राहिले. म्हटलं, डब्यांखाली ताटल्या ठेवीन, कठड्यावर टांगलेले डबे आत घेईन, आणि यांचे कपडे दोरीवरून निघाल्याशिवाय पाणी घालणार नाही. "कपडे चारला निघतात," बाई म्हणाल्या. "मग साडेचारला घालीन," मी म्हटलं. इतक्या महिन्यांत दोघींनी एकमेकींना विचारलं असतं तर हे जिन्यातच मिटलं असतं, पण मग आम्ही एकमेकींशी बोललो कशाला असतो. सेक्रेटरीने बंदीचा ठराव बाजूला ठेवला आणि पार्किंगचा विषय घेतला, ज्यावर खरी मारामारी व्हायची होती.

लिफ्टमध्ये मुलगा आणि मी दोघेच होतो. तो फोनकडे बघत होता, पण फोन बंद होता. "आई," तो म्हणाला, "मला तसं म्हणायचं नव्हतं. विषय पटकन संपवायचा होता."

"कळलं मला," मी म्हटलं. आणि मग जे इतके दिवस स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते ते बोलले. "आतापर्यंत मी सगळं महिन्याभरात येणारंच लावलं. मेथी काय, कोथिंबीर काय, खुडली की संपली. पुढच्या रविवारी मला बनशंकरीला नर्सरीत घेऊन चल. लिंबू लावायचंय."

त्याने मान वर केली. "लिंबाला फळ धरायला वर्षं लागतात ना गं?"

"लागतात."

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, तरी तो जागचा हलला नाही. मग म्हणाला, "ती सायकल काढून टाकतो. मोठी कुंडी बसेल तिथे."