पावरीला नाक पाहिजे

ज्योत्स्ना भोये आमच्या वरच्या खोलीत राहते. इमारत पेठ रोडला आहे, जुनी. मी सातपूरच्या कारखान्यात घणावर काम केलं, आता घरी असतो. वरून दिवसभर गाण्याचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकू येतो. शेजारी कुरकुरतात. मी कुरकुरत नाही. तेच काम नीट होईपर्यंत करणारी माणसं मी कारखान्यातही थोडीच पाहिली.

तिचं गाव सुरगाण्याच्या पुढे डोंगरात. वडील काळू भोये पावरी वाजवायचे. वाळलेला दुधीभोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे शिंग. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात लोक नाचतात तेव्हा पावरी थांबत नाही. गालात हवा साठवून ती नळीत सोडायची आणि त्याच वेळी नाकाने नवी घ्यायची. काळूबाबा त्याला दम म्हणतात. दम तुटला की नाचणाऱ्यांचे पाय तुटतात, असं ते सांगतात.

मग ते हंगामात दिंडोरीकडे द्राक्षबागांवर औषध मारायला जाऊ लागले. छाती गेली. आता जिना चढतानाही थांबतात. पावरी भिंतीला टांगलेली आहे.

छाती जायच्या आधी ज्योत्स्नाने त्यांचं वाजवणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ती तेव्हा पंचवटीत सीड्या भरून देणाऱ्या दुकानात होती. झाडू मारायला लागली, आणि दुकान बंद झालं तेव्हा तिथलं रेकॉर्डिंग तीच बघत होती. आता ती हळदीची आणि लग्नाची गाणी करून देते. पेठ, सुरगाणा, कळवण, सगळीकडून फोन येतात. गाण्यात नवऱ्याचं, नवरीचं, मामांचं नाव घालून पाहिजे असतं. आणि पावरी पाहिजे असते. पावरीचा एकेक सूर तिने कापून कॉम्प्युटरमध्ये बसवला होता. पेटीसारखी पट्टी दाबली की काळूबाबा वाजतात.

तो कॉम्प्युटर म्हातारा झाला. पंखा गिरणीसारखा वाजायचा, मधेच पडदा काळा व्हायचा. तिने नवा घेतला. तो आवाज करत नाही, तापत नाही. पण त्याचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा. तिने मला समजावलं ते असं: जुनी सॉफ्टवेअरं जुन्या प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेली, नव्याला ती भाषा येत नाही. कंपनीने नव्या भाषेत लिहून दिलं तर ठीक, नाहीतर मधे दुभाष्या बसवायचा.

कॉलेज रोडला स्टुडिओ असलेला मयूर तिचा मित्र आहे. त्याने एक रविवार घालवून सगळं हलवलं. बहुतेक वस्तूंची नवी आवृत्ती मिळाली. एक मिळाली नाही. ज्या छोट्या सॉफ्टवेअरमधून पावरी वाजायची, त्याची कंपनीच बंद पडलेली. दुभाष्या बसवला. पावरी वाजली, पण गाण्यात इतर वाद्यं भरली की मधेच कट्‌ व्हायचं. डोळ्याची पापणी लवावी इतकंच.

मयूर म्हणाला, डीजेच्या बॉक्सवर हे कुणाच्या बापाला ऐकू येणार नाही.

ज्योत्स्ना म्हणाली, "माझ्या बापाला येईल."

त्याने तयार आवाज ऐकवले. परदेशात कुणीतरी बनवलेले, आदिवासी वाद्यं म्हणून विकलेले. चांगले गुळगुळीत होते. तिने ते शेवटपर्यंत ऐकले आणि बंद केले. नव्यावरून दुभाष्या आणि ते सॉफ्टवेअर काढून टाकलं, जुना कॉम्प्युटर टेबलाखाली ठेवून फक्त पावरीसाठी चालवायचं ठरवलं. मयूर हसला. म्हणाला, ताई, एका म्हशीसाठी गोठा ठेवताय.

थोड्याच दिवसांत म्हैस मेली. पडदा काळा झाला तो परत उजळला नाही.

मूळ रेकॉर्डिंग डिस्कवर शाबूत होतं. ते कुठल्याही कॉम्प्युटरवर वाजतं. पण प्रत्येक सूर कुठे कापायचा आणि त्याचं शेपूट परत डोक्याला कसं जोडायचं, म्हणजे तो अखंड वाजेल, ती सगळी मांडणी त्या बंद पडलेल्या सॉफ्टवेअरात होती. ती गेली. मयूरने सांगितलं, आता देवानेच निकाल दिला. तिने त्याला चहा दिला आणि नव्या सॉफ्टवेअरवर पहिला सूर कापायला घेतला.

पितृपक्षात सुरुवात केली. दिवाळी आली तरी वरून एकेक सूर ऐकू येत होता. जोड बसली की आवाज सरळ जायचा, नाही बसली की ठेच लागल्यासारखा अडखळायचा. मी खाली बसून मोजायला लागलो होतो. मग मोजणं सोडलं. तिला मोजायची गरज नव्हती, तर मी कोण?

दिवाळीनंतर काळूबाबा छाती दाखवायला नाशिकला आले. मी त्यांना धरून जिना चढवला. तिने त्यांच्या कानाला हेडफोन लावले आणि अखंड पावरी वाजवली. आपलं वाजवणं त्यांनी आजवर लग्नातच ऐकलेलं, ढोल आणि बॉक्सच्या दणक्यात. असं जवळून पहिल्यांदाच. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"यो कोन वाजवतो?"

"तुम्हीच, बा."

"मी नाय. माना नाक हाय. या मानसाला नाकच नाय."

मला हसू आलं. तिला आलं नाही. तिने मूळ रेकॉर्डिंग लावून ऐकलं.

मूळ रेकॉर्डिंगमध्ये नाकाने हवा ओढल्याचा सूं सूं आवाज होता. पहिल्या वेळी तिने तो कचरा समजून पुसून काढला होता. दुकानात तिला तसंच शिकवलेलं, पडद्यावर श्वास दिसला की काढायचा. या वेळीही हात आपोआप तसाच चालला. इतकी वर्षं इतक्या लग्नांत लोक नाचले ते बिननाकाच्या माणसावर.

तिने दिवाळीपर्यंतचं सगळं काम पुसलं. माझ्यासमोर. केलेलं काम मोडणं काय असतं ते मला माहीत आहे. तिने लगेच पहिला सूर पुन्हा कापायला घेतला. काळूबाबा गावी परत गेले नाहीत, तिथेच सतरंजीवर पडून राहिले. ती सूर लावायची, ते झोपल्या झोपल्या "हां" किंवा "नाय" म्हणायचे. नाक कुठे यायला पाहिजे ते बोट उचलून दाखवायचे. एकदा ते त्या आवाजाबरोबर स्वतःच नाकाने हवा ओढायला लागले आणि खोकला आला. तिने पाणी दिलं. त्यांनी ग्लास ठेवला आणि म्हणाले, पुढचा लाव.

मयूर येऊन ऐकून गेला. हा तर सर्दी झालेला माणूस वाटतो, म्हणाला. तुझ्या त्या तयार आवाजांत तर माणूसच नाही, असं तिने त्याला सांगितलं. तो गप्प बसला नाही, तो गप्प बसणाऱ्यातला नाही, पण पुढच्या वेळी स्वतःचे चांगले हेडफोन आणून तिच्याकडे ठेवून गेला.

तुळशीच्या लग्नानंतर हळदींचा मोसम लागला. पहिलं गाणं नव्या कॉम्प्युटरवरून गेलं ते गाण्यांचं चॅनल चालवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला. मी आणि काळूबाबा खोलीतच होतो. त्याचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला, हात कामात होते.

तो म्हणाला, गाणं मस्त आहे, फक्त पावरीत मागे कुणीतरी श्वास घेतंय. तेवढं साफ करून पाठवा.

"ते साफच आहे."

"अहो, पण लोक विचारतील हा कसला आवाज."

"विचारू द्या. सांगा, काळू भोयेचं नाक आहे." ती पट्टी दाबत होती. "नाक नको असेल तर पावरीही मिळणार नाही. गाणं दुसरीकडे करा."

तो म्हणाला, मग दुसरीकडेच बघतो. फोन बंद झाला.

काळूबाबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. ती पुढच्या हळदीच्या गाण्यात मामाचं नाव बसवत होती, केरू की काहीतरी. मग तिने पावरी सुरू केली. सूर सुरू झाला, मधे नाकाने हवा ओढली, सूर तसाच पुढे गेला.

सतरंजीवर काळूबाबांचा पाय हलायला लागला.