हवेचा दोष

"बसत नाय, निघालोच," असं म्हणत काका आमच्या ट्रकांच्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये यायचे आणि तास-दोन तास उभे राहायचे. चपला पायातच, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीवर हात ठेवून ती डोलवत राहायचे. चहा दिला तर कप घेऊन बाहेर पडायचे, ट्रकांच्या रांगेच्या टोकापर्यंत फेरी मारायचे आणि रिकामा कप परत आणायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना "अहो, जरा टेका" म्हणतो आणि तेवढ्या वेळात ती खिडकी उघडून, पंखा बघून, कॅलेंडर सरळ करून मोकळी होतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रोह्याजवळच्या एका छोट्या रंगाच्या कंपनीत मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. घर वरसे गावात, त्यामुळे सायकलने ये-जा. कंपनीचं ऑफिस रस्त्याच्या एका बाजूला आणि वजनकाटा दुसऱ्या बाजूला. रस्ता खणून वायर टाकायची परवानगी काही मिळेना, म्हणून शेठनी मुंबईहून वायरलेस कार्डांची जोडी आणली. एक ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये, एक काट्यावरच्या. दोन्ही छपरांवर एकेक अँटेना. मी काट्यावर ट्रकचं वजन टाइप करायचे आणि मध्ये वायर नसताना ते ऑफिसात उमटायचं. पहिल्या दिवशी अख्खी शिफ्ट ते बघायला आली होती.

मग रड सुरू झाली. सकाळी काट्यावरचा कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर यायचं, कार्ड सापडत नाही. बंद करायचा, परत चालू करायचा. कधी तिसऱ्या खेपेला सापडायचं, कधी जेवणाच्या सुट्टीपर्यंत नाही. आणि एकदा सापडलं की संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चालायचं. तोवर बाहेर ट्रकांची रांग लागायची, ड्रायव्हर खिडकीत डोकं घालून काय वाटेल ते बोलायचे. कार्डं बसवून गेलेला मुंबईचा इंजिनीअर फोनवर "येतो, येतो" म्हणायचा. शेठ एक दिवस वैतागून म्हणाले, "थोडे दिवस बघतो, नाहीतर ही भानगड काढूनच टाकतो. शिपाई चिठ्ठ्या घेऊन पळेल." चिठ्ठ्या आल्या की काट्यावर ऑपरेटर कशाला लागेल? हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण मला कळलं.

"वायरलेस ना? मग अष्टमी गावातल्या काकांना बोलवा की," असं गेटवरचा वॉचमन म्हणाला आणि काका आले.

काका मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑपरेटर होते. उमेदीचा सगळा काळ कानाला हेडफोन लावून टिकटिक ऐकण्यात गेला. पुढे जहाजांवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं आली आणि ऑपरेटरची जागाच रद्द झाली. काका कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे अष्टमीत घरी येऊन राहिले, पण घर काही त्यांना मानवेना. लोकांचे टीव्ही, रेडिओ दुरुस्त करत ते पुलावरून दिवसातून कितीदा इकडे-तिकडे करायचे ते तेच जाणोत.

कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता आणि ते लपवतही नव्हते. "तुझा डबा मला कळत नाय, बाय. पण हवा माझी ओळखीची हाय. दोष हवेतच असणार."

मी म्हणायचे, "काका, पण एकदा लागलं की दिवसभर चालतं."

"सकाळची हवा वेगळी, दुपारची वेगळी. नदीवरनं दमट येते ना सकाळी. तू बघ."

मग ते छपरावर चढायचे. अँटेना पूर्वेला फिरव, पश्चिमेला फिरव. खाली येऊन "आता लाव" म्हणायचे आणि कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत केबिनला एक चक्कर मारून यायचे. पडदा उजळायला लागणारा तो मिनिटभराचा वेळ त्यांना सहन व्हायचा नाही. मलाही व्हायचा नाही. मी पडद्याकडे बघत नखं खायचे आणि ते बाहेरून विचारायचे, "काय म्हणतंय?"

"नाही म्हणतंय, काका."

"परत लाव. हवा बदलते."

एका दिवशी त्यांनी अँटेना छपरावरून काढून उंच बांबूवर बांधली. त्याच दिवशी कॉम्प्युटरचं झाकण काढायला लावून आतलं वायरलेस कार्ड उपसलं आणि त्याचे सोनेरी दात खोडरबराने पुसले. हात आत जायला शेजारचं, कधी न वापरलेलं फॅक्सचं कार्ड आडवं येत होतं, म्हणून तेही काढून टेबलावर ठेवलं. घाईघाईत फक्त वायरलेस कार्ड परत बसवलं, झाकण लावलं आणि "निघालोच" म्हणून गेले. फॅक्सचं कार्ड टेबलावरच राहिलं. मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर पहिल्याच खेपेला लागला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही, आणि पुढेही. ट्रक भराभर सुटू लागले. शेठनी पेढे मागवले आणि काकांना सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, आता दर आठवड्याला चक्कर मारायची. अँटेना तुमच्या ताब्यात." काका पेढा हातात धरून बांबूकडे बघत होते. "मी म्हटलं नव्हतं?" ते मला म्हणाले. "हवा."

पुढे शेठना वाटलं, काट्यावरूनच ग्राहकांना वजनाचा फॅक्स जायला हवा. मी ड्रॉवरमधलं कार्ड काढून जागेवर बसवलं. दुसऱ्या सकाळी पडद्यावर तेच जुनं वाक्य आलं. मी फॅक्सचं कार्ड काढलं, लागला. बसवलं, नाही. परत काढलं, लागला. मुंबईच्या इंजिनीअरला फोन करून हे सांगितल्यावर तो हसला. म्हणाला, "दोन्ही कार्डं कॉम्प्युटरच्या आतला एकच नंबर मागतात. कॉम्प्युटर उठताना जे आधी जागं होतं त्याला नंबर मिळतो, दुसरं उपाशी. एकाचा नंबर बदला, कार्डावर छोटी पिन आहे बघा."

म्हणजे बांबूचा काही संबंध नव्हता. दमट वाऱ्याचाही नव्हता.

काका त्या दुपारी आले, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणी हसत हसत सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं, असं मला वाटलं होतं. त्यांनी ऐकलं. खुर्ची डोलायची थांबली.

"मग छपरावर मी काय करत होतो इतके दिवस?"

ते वळले आणि चालायला लागले. नेहमीचं "निघालोच"सुद्धा म्हणाले नाहीत.

त्यानंतर ते आलेच नाहीत. मी रोज ट्रकांच्या रांगेच्या टोकाकडे बघायचे. फॅक्सचं कार्ड तसंच ड्रॉवरमध्ये पडून होतं आणि शेठ रोज फॅक्सचं विचारत होते. मग एका सकाळी काकूच आल्या. पूल ओलांडून, उन्हातून, पदराने तोंड पुसत.

"गो बाय, यांचं तुझ्याशी भांडण झालं काय?"

"नाही काकू. का?"

"बसलेत गो घरात." त्यांनी डोळे मोठे केले. "नुस्ते ओटीवर बसलेत. कुणाचा टीव्ही आला तरी उठत नायत. इतकी वर्षं मी बोलतेय, जरा बसा, जरा बसा. आता बसलेत तर मला भ्या वाटतं."

काम सुटल्यावर मी सायकल पुलाकडे वळवली. काका खरोखरच ओटीवर बसले होते. पाय जमिनीवर स्थिर. मी ते पहिल्यांदा पाहत होते आणि मला ते ओळखू येईनात.

"काका, दोन्ही कार्डं लागणार आहेत. ती पिन माझ्याने निघत नाही, फार बारीक आहे. तुम्ही चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "जहाजावरनं उतरवलं ना मला, तेव्हा कॅप्टन म्हणाला, यात तुझा दोष नाय. आता तू म्हणतेस हवेचा दोष नाय. मग दोष कुणाचा, ते कोण सांगेल काय?"

"कुणाचाच नाही, काका. दोन्ही कार्डं चांगली आहेत. दोघांना एकच जागा हवी होती, एवढंच."

"मग एकाला काढणार."

"काढायचं नाही. एकाला दुसरी जागा द्यायची. ती पिन त्याचसाठी आहे."

आत काकूंनी भांडं ठेवल्याचा आवाज आला. त्या दारामागे ऐकत होत्या.

"असं करता येतं?" काकांनी विचारलं.

"येतं."

"आमच्या जहाजावर कुणाला सुचलं नाय," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.

पिन खरंच बारीक होती, प्लास्टिकची टोपी घातलेली. काकांनी चिमट्याने ती उचलली आणि शेजारच्या दोन तारांवर बसवली. एवढ्या चुळबुळ्या माणसाचे हात त्या वेळी जराही हलले नाहीत. मी दोन्ही कार्डं लावली, बटण दाबलं. ते बाहेर गेले नाहीत. माझ्या मागे उभे राहून त्यांनी पडदा उजळताना पूर्ण पाहिला. दोन्ही कार्डं सापडली. मी ओरडलेच. काका मात्र हळूच म्हणाले, "उद्या सकाळी परत बघ. थंड असताना." दुसऱ्या सकाळी ट्रक यायच्या आधी ते गेटवर हजर होते. लागला.

काही दिवसांनी कळलं, काका धरमतरला गेले. खाडीतून माल नेणाऱ्या एका सपाट तळाच्या बार्जवर वायरलेस सेट सांभाळायला माणूस हवा होता. पगार बेताचा, झोपायला फळी. मी काकूंना विचारलं, "तुम्ही जाऊ कसं दिलंत?" तर म्हणाल्या, "मीच धाडलं. दुसरी जागा, दुसरी जागा म्हणून घोकत होते, मी म्हटलं घ्या मग."

मी पेणला मावशीकडे निघाले होते, तेव्हा काकूंनी लाडवांचा डबा दिला. वडखळला उतरून मी रिक्षाने जेट्टीवर गेले. ओहोटी होती. बार्ज चिखलात टेकलेली, आजूबाजूला बगळे. काका फळीवरून उतरून आले, रंग रापलेला, दाढी वाढलेली. तिथेच दोराच्या वेटोळ्यावर बसले आणि मलाही बसायला सांगितलं.

"कार्डं कशी हायत?"

"पहिल्या खेपेला लागतात. दोन्ही."

त्यांनी मान हलवली. "इथं पाणी चढल्याशिवाय काय हलत नाय. पहिले दिवस जीव नुस्ता वर-खाली व्हायचा. आता बसतो."

लाडू खाल्ला, अर्धा मला दिला. त्यांची माझी ती शेवटची भेट. पुढे लग्न होऊन मी लांब गेले, आणि ते बार्जवरून बार्जवर फिरत राहिले एवढंच कानावर यायचं.

त्या दिवशी हळूहळू चिखलातल्या घळींतून पाणी शिरलं. दोर ताणला, बार्ज किंचित हलली. काका उठले, फळीवरून वर गेले. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज ऐकू आला. बार्जचं नाव घेऊन ते बाहेर समुद्रात उभ्या जहाजाला हाक मारत होते. एकदा, दोनदा, परत. सेटमधून नुसती खरखर येत होती. मी जेट्टीवर उभी राहून ऐकत राहिले. मग खरखरीतून, कुठून तरी लांबून, कुणीतरी त्यांना उत्तर दिलं.