कार्डावरचा एकच फोटो
आज खणात कॅमेऱ्याचं जुनं कार्ड सापडलं. आईच्या शेवटच्या संक्रांतीला आम्ही मयूर विहारच्या घरून पानिपतला, काला अंब या मराठ्यांच्या युद्धस्मारकाला गेलो होतो. तिथे आईचे फोटो काढले, पण तिथल्या धुळीने कॅमेऱ्याची लेन्स अडकली. आई गेल्यावर बाबांनी आणि मी तो कॅमेरा दुरुस्तीला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. “रिपेअर में साढ़े सात हज़ार लगेंगे सर, एक्सचेंज में नया ले लीजिए,” काउंटरवरची बाई म्हणाली. “अरे, त्यात हिचे फोटो आहेत ना?” बाबांनी विचारलं. “कार्ड काढलंय हो, बाबा!” मी वैतागून म्हणालो आणि जुना देऊन नवा घेतला. घरी पाहिलं तर कार्ड कोरं. पानिपतला जाताना ते कॅमेऱ्यात घालायलाच विसरलो होतो, आणि घरी दिसलं म्हणून काढलंय असं समजलो; फोटो देऊन टाकलेल्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेमरीतच राहिले होते. पुढच्या संक्रांतीला बाबांनी मला पुन्हा तिथे नेलं, आई उभी होती ती जागा दाखवली आणि म्हणाले, “इथला काढ.” कार्डावर तेवढाच एक फोटो आहे, कोवळ्या उन्हातल्या गवताचा.