वरठीवाल्याचा फोटो

“बैल दिसला का गेला समजा, भाऊ!” असं म्हणत वरठीवाला शंकरपटात बैलजोड्या धावतात त्या पट्टीच्या कडेला मातीचं एक ढेकूळ ठेवायचा. त्यावर कॅमेऱ्याचा फोकस बांधून घ्यायचा आणि मग फोकसला हात म्हणून लावायचा नाही. जोडी ढेकळाच्या हातभर अलीकडे आली की बटण दाबायचं. बैल ढेकळाशी दिसेपर्यंत थांबलात, तर फोटोत शेपूट येते.

माझ्या फोटोत शेपूटच यायची. तीही धूसर.

वरठीहून जुन्या मोटारसायकलवर यायचा, म्हणून आम्ही बाकीचे फोटोवाले त्याला वरठीवाला म्हणायचो. माझा कॅमेरा त्याच्यापेक्षा महाग, लेन्स हातभर लांब. तरी सिहोऱ्याच्या पटाच्या कमानीवर आदल्या वर्षी पहिल्या आलेल्या जोडीचा जो फोटो लागतो, तो दरवर्षी त्याचाच. एकदा तरी तिथे माझा लागावा, एवढंच मला हवं होतं. मी कधी धुळीला दोष द्यायचो, कधी उन्हाला. नाचता येईना, अंगण वाकडं!

एका वर्षी मी पहाटेच येऊन त्याची जागा धरली. तो आला, हसला आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. जोडी सुटताच मी बटण दाबत सुटलो. हाती आला तो धुरळा. वरून त्याने मलाच चहा पाजला.

“काहून घाई करून राहिले, भाऊ? बैल येतेच नं!”

तो चहा मला कडू लागला. इतकं चांगलं वागायची काही गरज होती का, तुम्हीच सांगा!

दोन पावसाळ्यांपूर्वी तो तापाने गेला. त्यानंतरच्या पटात मी ढेकूळ ठेवलं, श्वास धरला आणि एकदाच बटण दाबलं. दोन्ही बैलांचे पाय अधांतरी, हाकणाऱ्याचं तोंड उघडं, धुळीचा कण न् कण लख्ख.

यंदा कमानीवर तोच फोटो लागला. खाली एक म्हातारे जोडीमालक हात जोडून उभे होते.

“गेला बिचारा वरठीवाला. पन फोटो पाहा कसा काढला त्यानं!”

“काका, हा मी काढला. तवा तो कुठं होता?”

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तुमाले बी जमन, बाबू. हळूहळू.”

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी त्या कमानीखाली उभा राहून पोटभर केला. हा फोटो त्याचा नाही, हे म्हाताऱ्याला पटवून देईल असा एकच माणूस होता, आणि तो यायचा नव्हता.