गाण्याखालचा आवाज

खरखर थांबू नये असं मला मनातून वाटत होतं, आणि ती थांबवायला मीच बसलो होतो.

गुरुवार, कंपनीला सुट्टी. रावेतच्या फ्लॅटमध्ये टेबलावर जुना व्हीसीआर, झाकण काढलेला. समोर टीव्ही, दिवाणावर पाय वर घेऊन आई. टीव्हीवर माझ्या बहिणीचं लग्न चाललं होतं. चित्र बरं होतं, पण आवाजाच्या जागी पत्र्यावर वाळू ओतावी तशी खरखर.

"कंपनीत एवढाल्या मशिनी चालू करतोस," आई म्हणाली, "अन् हा एक डबा बोलंना व्हय तुला?"

वडील, आमचे आबा, गेल्यापासून तिचं एकच चाललं होतं. "तोंड आठवतं रं. आवाज आठवंना." फोटो होते, पण आवाज कुठेच नव्हता. मग तिला लग्नाची कॅसेट आठवली. पाठवणीच्या आधी वडिलांनी सत्कार पुकारणाऱ्याच्या हातून माइक घेतला होता आणि ते व्याह्यांशी बोलले होते. आई तेव्हा आत लेकीची पेटी भरत होती. तिनं ते ऐकलंच नव्हतं. प्लेअर शोध म्हणून ती इतकी मागे लागली, की शेवटी काळेवाडीत जुन्या टीव्हींच्या दुकानात हा मिळाला. "भाऊ, हा घेऊन म्युझियम काढताय का?" दुकानदार चाचा हसले होते. "चित्र झकास येतंय. आवाजात खरखर आहे, तेवढी साफ करा. होऊन जाईल."

होऊन जाईल, याचीच मला भीती होती.

ते लग्न झालं तेव्हा मी नुकताच चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला कायम झालो होतो. कँटीनमध्ये इथल्या गाववाल्यांच्या बोलण्याची नक्कल चालायची. आमी, न्हाई, हाय. मीही हसायचो, सगळ्यांत मोठ्यानं हसायचो. लग्नाची कॅसेट बघायला डिपार्टमेंटची मंडळी घरी यायची होती, भाड्यानं व्हीसीआर आणायचा होता. मी आधी स्टुडिओत गेलो आणि म्हणालो, भाषण आहे ना, तिथं गाणं टाका. तेव्हा सगळ्याच कॅसेटवर गाणी टाकत. तरी स्टुडिओवाला म्हणाला, "वडिलांचा आवाज आहे राव, राहू द्या की." मी म्हणालो, "टाका हो."

त्या संध्याकाळी वडील सगळ्यांच्या पुढे, खुर्चीत बसले होते. पडद्यावर त्यांचं तोंड हललं आणि सासरी निघालेल्या लेकीचं रडकं गाणं सुरू झालं. "वा, काय सेटिंग केलंय!" कुणीतरी म्हणालं. वडिलांनी वळून एकदाच माझ्याकडे पाहिलं. "गाणं चांगलं हाय," म्हणाले आणि पाहुण्यांना पाणी आणायला उठले. आई स्वयंपाकघरात चहा गाळत होती.

पुढे कधीही त्यांनी हा विषय काढला नाही, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की ते मला पुढे करायचे.

टेबलाशी बसून मी हे सगळं लांबवत होतो. आधी वायर बदलली. खरखर तशीच. मग चाचांनी सोबत दिलेली दुसरी कॅसेट लावली, तीही खरखरली. म्हणजे कॅसेट ठीक होती, दोष प्लेअरचाच. मला ते नको होतं. कॅसेटच गेली असती तर हात वर करून मोकळा झालो असतो.

"काय झालं?"

"हेड घाण झालंय."

"मग पूस की."

पुसलं. टेप जिथून घासत जाते, ते आवाजाचं हेड स्पिरिटच्या फडक्यानं पुसलं. फडक्यावर तपकिरी मळ आला. पुन्हा कॅसेट लावली. खरखर निम्मी झाली आणि तिच्या आत काहीतरी हलायला लागलं. आई पुढे सरकली.

आता हेडचा कल राहिला होता. त्याला एक बारीक स्क्रू असतो. मी स्क्रू ड्रायव्हर लावला आणि केसभर फिरवला. आवाज एकदम मोकळा झाला. सनईचे दोन सूर स्पष्ट आले. पडद्यावर वडील माइक घ्यायला हात पुढे करत होते.

मी स्क्रू उलटा फिरवला. हे या वयात केलं, आई समोर बसलेली असताना.

खरखर परत आली.

"आत्ता बरा हुता की," आई म्हणाली.

"जुनं मशीन आहे, आई."

"तू उलटा फिरवलास. मी हातच बघत हुते."

टेप पुढे चाललीच होती. मी कॅसेट थांबवली आणि पडद्याकडे बघतच म्हणालो, "आबांच्या भाषणावर गाणं आहे. मी टाकायला लावलं."

"व्हय. मला ठाऊक हाय." ती तशीच बसलेली. "त्याच दिशी सांगितलं त्यांनी. पोरानं गाणं लावलंय म्हणाले. म्हणून तर म्हणते साफ कर. वरचं गाणं निघालं का खालनं त्यांचा आवाज यील."

एवढी वर्षं ती हे धरून होती. रंग खरवडला की खालची भिंत निघते, तसं. मी खोटं बोलू शकलो असतो. प्रयत्न करतो, कंपनीतल्या कुणाला दाखवतो, असं काहीही.

"खाली काही राहत नाही," मी म्हणालो. "गाणं टाकताना पहिलं पुसलं जातं. आवाज नाही त्यात."

"कायबी न्हाई?"

"नाही."

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"आवाज बंद कर," ती म्हणाली. "अन् लाव."

मी टीव्ही म्यूट केला, टेप मागे घेतली. वडिलांनी माइक घेतला, उलटा धरला, कुणीतरी सरळ करून दिला. तोंड हलायला लागलं.

"तू तिथं हुतास. काय म्हणत्यात, सांग."

"व्याह्यांना म्हणाले, आम्ही साधी माणसं आहोत, मुलीला सांभाळून..."

"असं न्हाई म्हणाले ते. असं बोलायचेच न्हाईत ते."

खरंच नव्हते म्हणाले. शब्द न् शब्द मला पाठ होता, लाज वाटलेलं माणूस विसरत नाही. घरात ती भाषा बोलायची मी कधीच सोडली होती. टेप पुन्हा मागे घेतली आणि वडिलांच्या ओठांबरोबर बोलायला लागलो.

"पाव्हणं, आमी रानातली माणसं. जमीन कंपनीला गेली, पोरगं कंपनीत गेलं, आता पोरगी तुमच्यात आली. तिला भाकरी येती, पोळीचं कायबी सांगत न्हाई. अन् रुसली का दोनदा हाक मारा. एका हाकंत येत न्हाई."

पडद्यावरची माणसं हसली. आईही हसली, मग तोंडाला पदर लावला.

"पुन्यांदा," ती म्हणाली. "अन् जरा दमानं. ते दमानं बोलायचे."

मी टेप मागे घेतली.