पाकिटावरच्या सासूबाई

पुण्यातली जाहिरात कंपनीतली नोकरी गेल्यावर मी सोलापूरला परत आलो आणि जुळे सोलापुरात एका दवाखान्याच्या वरची खोली भाड्यानं घेतली. दारावर ‘लघुउद्योग मार्केटिंग सल्लागार’ अशी पाटी लावली. सुरुवातीला जिना चढून येणारे बहुतेक पेशंटच असायचे. खोकत खोकत खुर्चीवर बसायचे आणि मी डॉक्टर नाही हे कळल्यावर माझ्यावरच चिडायचे. पुढं हळूहळू कामं मिळत गेली. एक तेलघाणीवाला आला, एक शिवणाचे क्लास घेणाऱ्या बाई आल्या, आणि मग शेंगाचटणी करणारं हे जोडपं आलं.

नवरा पूर्वी टॉवेलच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तशी बायको उखळात चटणी कुटायला लागली आणि तो स्कूटरवरून दुकानादुकानात पोचवायला लागला. तिनं स्टीलचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. मी चिमूटभर तोंडात टाकली. आधी लसूण लागला, तिखट मागून सावकाश आलं. चटणी खरोखरच चांगली होती.

“ही घरातली जुनी कृती का?” मी नवऱ्याला विचारलं. “तुमच्या आई करायच्या?”

“व्हय की,” तो लगेच म्हणाला. “आई लई सुगरण होती.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती डब्याला झाकण लावत होती. मला वाटलं, लाजतेय. गप्प बसणाऱ्याचा होकार धरायची सवय आमच्या धंद्यात फार लवकर लागते.

त्या आठवड्यात मी चार ओळी लिहिल्या. सासूनं सुनेच्या हाती सोपवलेली चव, असं काहीसं. नवऱ्यानं आईचा फोटो आणून दिला. इरकल लुगडं, कपाळावर विभूती, करारी डोळे. असा चेहरा पैसे देऊनही मिळत नाही, असं मी त्याला म्हणालोसुद्धा. पाकिटाचा नमुना बघताना बायकोनं एकच विचारलं, “सर, फोटो बारीक केला तर चालंल का?” मी तिला समजावलं की माणूस चेहरा बघून विश्वास ठेवतो. ती बरं म्हणाली. फोटो मोठाच राहिला.

माल खपायला लागला. नवी पेठेतली दुकानं झाली, मग पुण्याहून मागणी आली. दुसऱ्या वर्षी मी व्हिडिओ करायचं ठरवलं. सासूबाईंच्या फोटोला हार घालून तिनं नमस्कार करायचा आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच होतं. दुपारी त्यांच्या घरी मी मोबाइल स्टँडवर लावला. फोटोचा हार वाळलेला होता म्हणून नवरा ताजा आणायला बाहेर पडला. तेवढ्यात सराव करू, म्हणून मी तिला वाक्यं म्हणायला लावली. दोनदा ती मधेच अडखळली. तिसऱ्यांदा थांबली.

“सर, मला हे म्हनता येईना.”

“आठवण येते का त्यांची?” मी विचारलं. आजही हा प्रश्न आठवला की मला माझीच किळस येते.

ती उखळाशेजारी बसली. “चटनी माज्या अव्वाची हाय, माज्या आईची. मंद्रूपच्या बाजारात ती इकायची. लगीन झाल्यावर पयल्या वर्षी डबा घिऊन मला भेटाय आली. ह्या फोटुतल्या आत्याबाईंनी दारातच डबा हातातनं घेतला आनि अंगनात उपडा केला. म्हनल्या, आमच्यात भिकाऱ्याचं खात न्हाईत. अव्वानं रिकामा डबा उचलला, पदरानं पुसला आनि एष्टीला गेली. परत कधी आली न्हाई.”

“तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?”

“तुमी त्यास्नी इचारलं की. मला कुटं इचारलं?”

मी म्हणालो, पाकीट बदलू, तुमच्या आईचा फोटो घालू. ती म्हणाली, फोटो नाही, आधार कार्डावर आहे तेवढाच. मग नवरा हार घेऊन आला. मी भीत भीत विषय काढला. तो बायकोवर ओरडला नाही. हाराची पुडी सोडवली आणि मला म्हणाला, “सर, ह्यातलं तुमाला कळतं. आता चेहरा बदलला तर माल खपंल का?”

‘खपेल’ म्हणून टाकावं, असं मला वाटलं. पण त्यानं सल्लागाराला विचारलं होतं, आणि उत्तर सल्लागारानंच दिलं. “फटका बसेल,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि उठली. “करा मग,” म्हणाली. हार घातला, हात जोडले आणि दोन्ही वाक्यं एका दमात म्हणाली. दुसरा टेक घ्यावा लागला नाही.

तो व्हिडिओ खूप चालला. अजूनही लोक मोबाइलवर तो दाखवून म्हणतात, आमचंही असलंच करा. मी करतो. आता मी घरातल्या बाईला वेगळं बोलावून विचारतो. पण तिनं खरं सांगितलं की पुढं काय करायचं, हे मला कळत नाही. मग ‘घरगुती चव’ एवढंच लिहितो आणि बिल पाठवतो.

यंदा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत महिला बचत गटांचं प्रदर्शन होतं. त्या जोडप्याच्या चटणीच्या स्टॉलवर त्यांची शाळकरी मुलगी गिऱ्हाइकांना माहिती देत होती. सासूबाई वारल्या तेव्हा ही पाळण्यात होती. “आमच्या आजीनं आईला शिकवली ही चटणी,” ती छान, ठासून सांगत होती. “आजी आईचा हात धरून कुटायला शिकवायची.” हे वाक्य मी लिहिलेलं नव्हतं.

मुलगी पाणी आणायला गेल्यावर मी तिच्या आईला हळूच विचारलं, “तिला सांगितलं नाही?”

“सांगनार होते. पन शाळेत तिनं आजीवर निबंध लिवला. बक्षीस मिळालं.” ती पाकिटं सरळ लावत राहिली. “ऱ्हाऊ दे की सर. तिला तरी आजी चांगली मिळाली.”

“आणि तुमची अव्वा?”

“मागल्या उन्हाळ्यात गेली.”

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. तिनं कडक भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी ठेवली आणि पुढं केला. खाऊन तो गृहस्थ पाकिटावरच्या फोटोला कौतुकानं म्हणाला, “जुन्या बायकांच्या हाताची गोष्टच वेगळी.” ती हसली आणि पिशवी उघडायला लागली. मी बाहेर आलो. गाडी कुठं लावली होती ते मला बराच वेळ आठवेना.