पाववालीचं येशूशी भांडण

त्या सकाळी भट्टीच्या आधी पाववालीचं डोकं तापलं होतं. पीठ अशी आपटत होती की नवरा दारातून म्हणाला, "अगं, फळी मोडेल!"

"मोडू दे! तुमच्या लाडक्या भावाला सांगा, नवी करून देईल!"

हा लाडका भाऊ म्हणजे तिचा धाकटा दीर. पिऊन बेकरीची गाडी चालवली, भिंतीवर घातली, आणि शेजारी बसलेल्या सख्ख्या भावाचा, म्हणजे हिच्या नवऱ्याचा, उजवा हात कोपरापासून गेला. याला साधं खरचटलंसुद्धा नाही! तुरुंगात जाऊन आला आणि आज म्हणे चर्चमध्ये येणार, प्रभुभोजनाला. नवऱ्यानं तर त्याला केव्हाच माफ करून टाकलं होतं. मळणं, भाजणं, चटके खाणं सगळं हिच्या गळ्यात. माफ करायला यांच्या बापाचं काय जातंय!

त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला, येशूच्या शरीराची खूण म्हणून, एकच मोठा पाव असे, आणि ज्यानं तो भाजला त्यानंच बाकाबाकाशी जाऊन प्रत्येकाला तोडून द्यायचा. हा मान कितीतरी वर्षं हिचा. म्हणजे आज त्या मेल्यापुढे ताट घेऊन हिनंच उभं राहायचं! आदल्या दिवशी तिनं चर्चच्या पाळकांना गाठून सांगितलं होतं, "त्याला येऊ देऊ नका, नाहीतर पाव दुसरीकडून आणा."

पाळक म्हणाले, "बाई, हे जेवण मी ठेवलेलं नाही. ज्यानं ठेवलंय त्याला विचारा."

तेच ती आता विचारत होती, पिठाला बुक्के घालत. "तुला काही वाटतं का रे, येशू? वधस्तंभावर तू गेलास, कबूल. पण हात माझ्या नवऱ्याचा गेला! आम्ही इमानानं तुझ्या मागं चाललो, आणि तू त्या दारुड्याला माझ्या पंगतीला बसवतोस? बोल की आता!"

"देतोय का उत्तर?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही. मुकाट ऐकून घेतोय. म्हणून तर जास्त संताप येतो!"

तिनं पिठाचा एक गोळा ओरबाडला, "हा त्याचा!" म्हणाली आणि कचऱ्यात भिरकावला. मग थबकली. मळलेल्या पिठात कोणाचा घास कुठला, हे कोणी सांगावं? फेकला तो तिचाही असेल. ती आणखीच चिडली आणि उरलेलं पीठ भट्टीत सारलं.

चर्चमध्ये दीर दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला होता. पार वाळला होता. ती समोर येताच त्यानं हात मागे घेतले.

"नको, वहिनी. मी नुसता बघायला आलो होतो."

"बघायला? तमाशा आहे का इथं?" सगळी मंडळी वळून पाहू लागली. "हात पुढे कर!"

त्यानं केला. "ख्रिस्ताचं शरीर," ती म्हणाली. पुढचे शब्द तिनं दात खात बाहेर ढकलले. "तुझ्यासाठी दिलेलं."

सुटले एकदाची, असं म्हणून ती वळणार, तर तो ताटासाठी हात पुढे करून उभा. रागाच्या भरात ती साफ विसरली होती. जो सगळ्यांत शेवटी घेई, त्यानंच पाव भाजणाऱ्याला त्याचा घास द्यायचा, अशी त्यांची रीत.

तिनं ताट त्याच्या हाती दिलं, आणि त्यानं उजव्या हातानं घास तोडला. तिची नजर त्या उजव्या हातावर खिळली. धडधाकट, पाचही बोटं शाबूत. हाच हात तेव्हा गाडीच्या स्टिअरिंगवर होता. तिच्या अंगाची लाही लाही झाली. वाटलं, फटकन मारावं.

"ख्रिस्ताचं शरीर, वहिनी," तो रडत म्हणाला. "तुमच्यासाठी दिलेलं."

घास त्याच्या बोटांत तसाच.

"यायला दुसरा हात मिळाला नाही तुला?" ती ओठांतल्या ओठांत येशूवर करवादली, आणि तिनं ओंजळ पुढे केली.